रविवारचा खुनी

रहस्यपट बघताना खुनी कोण यात माझा जीव कधी अडकत नाही. मला मजा येते ती त्यातल्या मंडळींच्या सवयी बघण्यात. घरातली वीज गेलीय, मोबाईलची बॅटरी संपलीय, वरच्या मजल्यावर कुणाची तरी पावलं वाजतायत, आणि बाई काय करते? मेणबत्ती घेऊन वर जाते. अगं बाई, दार खाली आहे, बाहेर रस्ता आहे, जा ना! ज्या इन्स्पेक्टरची निवृत्ती पुढच्या आठवड्यावर आलेली असते, त्याला पेन्शन काही मिळत नाही. फोनवर ‘सगळं भेटल्यावर सांगतो’ म्हणणारा कधीच भेटत नाही. मी विमा कंपनीत क्लेम तपासतो, म्हणजे मला संशय घेण्याचाच पगार मिळतो. पण नोकरीआधी माझी शाळा झाली ती या सिनेमांत.

त्यामुळे ती जेव्हा म्हणाली, “आमच्याकडे दर रविवारी जेवणानंतर एक खून असतो, तू ये,” तेव्हा मला वाटलं, हे घर आपल्यासाठीच बांधलंय. ती म्हणजे माझी बायको. तेव्हा अजून बायको नव्हती, आणि होईल की नाही हे त्या जेवणावर ठरणार होतं.

आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीतले, बौद्ध. तिच्याकडची मंडळी पिढ्यान्‌पिढ्या गिरगावातली. पणजोबा सरकारी कचेरीत मोठ्या हुद्द्यावर, वडील बँकेतून निवृत्त झालेले. आई काही वर्षांपूर्वी आजारपणात गेली होती. घरात आता ती, तिचे वडील आणि वडिलांची थोरली बहीण, म्हणजे तिची आत्या, असे तिघंच. तिने आमच्याबद्दल वडिलांना सगळं सांगितलं, कुठला, कोण, काही न लपवता. त्यावर ते एवढंच म्हणाले होते, “एकदा जेवायला बोलाव.”

“म्हणजे हो?” मी विचारलं होतं.

“म्हणजे काहीच नाही. बाबांना माणूस पटला नाही ना, तर ते भांडत नाहीत रे. नुसतं परत बोलवत नाहीत.”

 भांडणारा माणूस परवडतो, त्याला उत्तर तरी देता येतं.

निघताना माझ्या आईने दोन गोष्टी बजावल्या. खोटं बोलू नको आणि भात परत मागू नको. दोन्ही माझ्याकडून मोडल्या. भाताचं सोडा, कोलंबीची खिचडी होती, कुणीही मागितली असती.

जेवणं झाली, पडदे ओढले गेले आणि वडील रिमोट घेऊन आपल्या खुर्चीत बसले. या घराचा रिवाज मला तिने जिन्यातच सांगितला होता. सिनेमा बरोब्बर अर्धा झाला की बाबा तो थांबवतात. मग चहा, खारी, आणि प्रत्येकाने पडद्यावरच्या कुणावर तरी बोट ठेवायचं. हा खुनी. बाबांचा नंबर शेवटचा. आणि बाबा कधीही चुकत नाहीत.

“कधीही?”

“आई गेल्यानंतर आम्ही हे सुरू केलं, तेव्हापासून एकदाही नाही. बँकेत माणसं ओळखायची सवय, म्हणतात. आणि हरायला त्यांना आवडत नाही, लक्षात ठेव.”

सिनेमा सुरू झाला. धुकं, डोंगरातला बंगला, एका डोळ्याने अधू असलेला माळी.  हा मी पाहिलेला होता. दोनदा.

“पाहिलाय का तुम्ही हा?” वडिलांनी विचारलं. ते मला अहो-जाहो करत होते, ऑफिसात नव्या साहेबाशी बोलावं तसं.

आता ‘हो’ म्हटलं तर दुपारच्या बेतावर पाणी पडणार. पाहुणा आला आणि सिनेमा नासवून गेला, अशी आठवण मागे राहणार. मी रोज खोटं बोलणाऱ्यांना पकडतो. मी शांतपणे म्हणालो, “नाही काका.”

मध्यंतर झालं. आत्यांनी बंगल्याच्या मालकाच्या पुतण्यावर बोट ठेवलं, कारण तो जुगार खेळत होता. तिने वकिलावर ठेवलं. मला माहीत होतं की खुनी आहे तो गोड बोलणारा डॉक्टर, जो आल्यागेल्याला काढा पाजत असतो. पण पहिल्याच दिवशी यांच्या पंगतीला बसून यांनाच हरवायचं? मी ठामपणे म्हणालो, “माळी.”

 एका डोळ्याचा, लंगडणारा, हातात कोयता असलेला माळी खुनी निघावा, असा रहस्यपट आजवर कुणी काढलेला नाही. तो बिचारा आपल्याला फसवायलाच ठेवलेला असतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

“क्लेम तपासता ना तुम्ही?” वडिलांनी विचारलं.

“हो.”

“कठीण आहे कंपनीचं,” ते म्हणाले आणि डॉक्टरवर बोट ठेवलं.

चहाचे कप भरले गेले आणि उरलेला सिनेमा सुरू झाला. तासाभराने डॉक्टरला बेड्या पडल्या. वडिलांनी रिमोट मांडीवर ठेवून आमच्याकडे असं पाहिलं की टाळ्याच वाजवाव्यात. मी खरंच वाजवणार होतो, तेवढ्यात आत्या बोलल्या.

“या मुलाने हा पिक्चर पाहिलाय.”

“ताई, काहीतरीच काय!”

“काहीतरी नाही. बाईने कपाट उघडलं, त्यातून मांजराने उडी मारली, आठवतंय? माझा हात कापतो, तुला माहीत आहे. पण मांजर यायच्या आधीच याने माझ्या कपाखाली आपला हात धरला होता. थेंब सांडू दिला नाही. याला कसं कळलं मांजर येणार ते?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आत्या म्हणत होत्या ते खरं होतं. त्यांचा कप बशीत आधीपासूनच थडथड वाजत होता आणि पुढे मांजर आहे हे मला ठाऊक होतं, म्हणून हात आपसूक गेला होता.

“पाहिलाय?” वडिलांनी विचारलं.

“पाहिलाय.”

“मग खुनी माहीत होता.”

“होता.”

“म्हणजे माझ्या घरात बसून तुम्ही मला मुद्दाम जिंकवलंत.” त्यांचा आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. “का?”

मी खरं तेच बोललो. “मला इथे परत यायचं होतं काका. तुम्हाला हरायला आवडत नाही म्हणून कळलं होतं.”

तिने कपाळाला हात लावला. मी मनातल्या मनात चपला शोधायला लागलो. सगळं संपलं असं खरोखर वाटलं. पण आत्यांचं अजून संपलेलं नव्हतं.

“त्याला काय विचारतोस?” त्या भावाला म्हणाल्या. “मांजराने उडी मारली तेव्हा तू खारी बुडवत होतास चहात. आम्ही दोघी किंचाळलो, आणि तुझी खारी जशीच्या तशी बाहेर आली. दर रविवारी बघते मी. तू कधीच दचकत नाहीस.”

“बाबा!” ती ताडकन उठली. “तुम्ही आधी बघून ठेवता? इतकी वर्षं आम्हाला फसवताय?”

वडिलांचा चेहरा पडला. कप गोळा करून ते स्वयंपाकघरात गेले. ती हसतही होती आणि चिडलीही होती. आत्यांनी मला डोळ्यांनीच खुणावलं, जा. मी उरलेल्या बश्या उचलल्या आणि मागोमाग गेलो.

ते ओट्याशी पाठमोरे उभे होते. मी बश्या ठेवल्या तरी वळले नाहीत.

“तिची आई गेली,” ते हळू आवाजात म्हणाले, “आणि महिनाभरात मी असाच एक पिक्चर लावला. म्हटलं मन रमेल पोरीचं. तर सुरुवातीलाच हिरोची बायको हॉस्पिटलात. तोंडाला नळ्या, हिरो हात धरून बसलाय. ही उठून आत गेली. रडली नाही, काही नाही. दोन दिवस बोललीच नाही.” त्यांनी नळ उघडला, परत बंद केला. “बायकोला मारल्याशिवाय या लोकांना गोष्टच सुरू करता येत नाही का हो?”

खरं होतं ते. मी असे कितीतरी पाहिले होते. हिरो दारू पितो, भिंतीवर फोटो, मग उन्हात हसणारी बायको, मग पांढरी चादर. हा नियम मला पाठ होता. त्याला आजवर मी हसतच आलो होतो.

“म्हणून शनिवारी ही ऑफिसला गेली की मी बघून ठेवतो. चालेलसा मिळेपर्यंत दोन-दोन, तीन-तीन बघावे लागतात. मग खुनी माहीत होतोच. गप्प बसावं खरं तर, पण तेवढी एक मजा राहिली होती.” ते किंचित हसले. मग कपाकडे बघत म्हणाले, “दर शनिवारी कुणाची तरी बायको मरते आणि मी एकटा बघत बसतो.”

  मी त्यांच्या हातातला कप घेतला आणि विसळायला लागलो.

“या शनिवारी मी बघून ठेवू?” मी विचारलं.

 ते फडक्याने ओटा पुसत राहिले. निघताना दारापर्यंत आले, पण परत या असं म्हणाले नाहीत. सगळा आठवडा ती मला फोनवर सांगत होती की बाबा त्या विषयावर चकार शब्द काढत नाहीत.

शनिवारी मी घरी दार लावून बसलो. पहिल्या सिनेमात बायको गाडीखाली गेली. दुसऱ्यात आग. तिसरा मात्र शेवटपर्यंत सुखरूप होता, म्हणजे त्यात चार खून होते, पण बायका सगळ्या धडधाकट. मी तिच्याकडून नंबर घेऊन त्यांना मेसेज केला, ‘काका, हा चालेल,’ आणि खाली सिनेमाचं नाव.

 रात्री त्यांचा मेसेज आला.

‘खुनी कोण ते मला सांगू नकोस,’ त्यांनी लिहिलं होतं. ‘उद्या जेवायला ये.’