आंघोळीआधीची आंघोळ

"मुँह खोल."

मी तोंड उघडलं. मिलच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरने दोन बोटांनी माझा जबडा धरला आणि आत पाहिलं. बैल घेताना पाहतात तसं. मग म्हणाला, "कान." मी मान वळवली. "नाखून." मी हात पुढे केले. "पाँव." मी एका पायावर उभा राहिलो आणि दुसरा त्याच्यापुढे धरला. अंगावर चिंधी नव्हती. पौषातली थंडी, सकाळचे सात. बॉयलरखान्यामागची मोकळी जागा, आणि तिथे आम्ही चौघं नागडे.

चौघांत एक माझा बाप होता.

बाला मी त्या दिवसापर्यंत कधी उघडं पाहिलं नव्हतं. आमची खोली एक, माणसं सात. तरी तो धोतर नेसूनच आंघोळ करायचा, धोतर नेसूनच बदलायचा. एवढी एक मर्यादा त्याने आयुष्यभर सांभाळली होती. आता तो लाकडी पाटावर माझ्याकडे पाठ करून बसला होता. कंपाउंडर म्हणाला, "खड़े हो जाओ. हाथ हटाओ." बा उभा राहिला. त्याने हात बाजूला केले. मी भिंतीकडे पाहत राहिलो. भिंतीवर कोळशाचे काळे ओघळ होते.

"साब, हम घर से नहाके आए हैं," मी म्हणालो.

खोटं नव्हतं. माय पहाटेच उठली होती. चुलीवर हंडा चढवला, रिठे कुटले, माझी आणि बाची डोकी धुतली. विटेच्या तुकड्याने आमच्या टाचा घासल्या. "आज मोठ्या लोकांत बसायचंय," असं तीनदा तरी म्हणाली. लग्नघर असावं तशी तिची धावपळ चालली होती.

कंपाउंडर म्हणाला, "मालूम है. ऑर्डर है."

मग त्याने बादलीतलं गुलाबी पाणी आमच्या डोक्यावर ओतलं. पटकीची साथ आली की विहिरीत टाकतात ती लाल दवा. नाकातोंडात गेली. भिंतीच्या पलीकडून हसण्याचे, पाणी उडवण्याचे आवाज येत होते. तिथे खात्यांचे मास्तर, मुकादमी करणारे जॉबर आणि विणकर नव्या हौदात उतरले होते. रात्रपाळीवरून थेट. केसांत कापसाचे तंतू, डोक्याला चपचपीत तेल, काहींच्या गालात पान. त्यांचे कान कुणी पाहिले नव्हते.

हे कसं घडलं ते सांगतो.

आम्ही महार. आजा खानदेशातून रेल्वेच्या गँगमध्ये उज्जैनला आला आणि इथलाच झाला. बा मिलमध्ये कापूस पिंजायच्या खात्यात होता. एकवीस वर्षं झाली तरी पक्का नाही, बदलीवर. म्हणजे कुणी गैरहजर असला तर काम, नाही तर फाटकावरून परत. मी विशीचा, मीही तसाच. चौघांतले बाकीचे दोघंही आमच्याच वस्तीतले. विणायच्या खात्यात आम्हाला घेत नसत. तिथे मागाच्या धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो. आमचं तोंड त्या धोट्याला कसं चालणार.

रंगखात्याचे मास्तर होते भाऊसाहेब. आमच्यासारखेच मराठी. म्हणजे भाषेने. त्यांचे पूर्वज संस्थानाच्या दप्तरात चाकरीला आले होते, ते इथेच मुरले. मिलने त्यांना यंत्रं पाहायला तीन महिने जपानला पाठवलं. परत आले तेव्हा देवास गेटजवळच्या एका सभागृहात मराठी मंडळींनी त्यांचं भाषण ठेवलं. बाकं उचलायला मला आणि बाला बोलावलं होतं. बाकं मांडून झाली आणि आम्ही दाराशी उभे राहिलो.

भाऊसाहेब तिथल्या गरम पाण्याच्या कुंडांबद्दल बोलले. जमिनीतून कढत पाणी वर येतं. त्यात माणसं गळ्यापर्यंत बसून राहतात. "मी ज्या कुंडात बसलो होतो, त्यात कारखान्याचा मालक होता आणि त्याचा हमालही होता. दोघं नागडे. कोण मालक, कोण हमाल, ओळखून दाखवा!" लोक हसले. मग त्यांनी तिथले कायदे सांगितले. आधी बाहेर छोट्या पाटावर बसायचं. साबणाने सगळं अंग घासायचं. साबणाचा फेस पुरता धुऊन टाकायचा. मगच कुंडात पाय घालायचा. पंचा पाण्यात बुडवायचा नाही. मोठ्याने बोलायचं नाही. शेजारी बसलेल्याला तू कोण म्हणून विचारायचं नाही. "मालक असो की मजूर, न धुता कुणी उतरत नाही. पाण्याला जात नसते, मंडळी," असं म्हणून ते थांबले. टाळ्या पडल्या.

मीसुद्धा टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, मला ते भाषण फार आवडलं. आम्ही क्षिप्रेवर जायचो ते भैरवगढच्या बाजूला. तिथे छापाचं कापड धुवायचे, आणि आमची जागा त्याच्याही खाली. कधी लाल पाणी यायचं, कधी निळं. तेच आमचं तीर्थ. त्या रात्री मी मायला सगळं भाषण सांगितलं. पाट, साबण, मालक, हमाल. माय म्हणाली, "असा मुलुख असतो व्हय रे?" मला वाटलं, असतो. आणि आता तो इथेही येईल. इंग्रज गेले होते, राजे गेले होते, अस्पृश्यता पाळणं गुन्हा झाला होता. मी अगदी भोळा होतो, असं आता म्हणतो. तेव्हा तसं वाटत नव्हतं.

भाऊसाहेबांनी मालकांना पटवून मिलमध्ये हौद बांधून घेतला. इंजिनाचं गरम पाणी तोवर बॉयलरखान्यामागच्या नालीतून वाहून जायचं. थंडीत आमच्या वस्तीतल्या बायका त्या नालीवर कपडे धुवायच्या, पोरांना नहायला घालायच्या. हौद झाला आणि नाली बंद झाली. कुणी कुरकुर केली नाही. हौदात आम्हालाही घेणार होते ना.

मिलच्या सुताराने पाट केले. चार. मी त्याला विचारलं, "बाकी के कब बनेंगे?" तो म्हणाला, "चार ही बोले हैं." तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मला वाटलं, पाळीपाळीने बसायचं असेल.

तर त्या सकाळी लाल दवा अंगावरून निथळत असताना आम्हाला नवे कोरे पंचे दिले. नेसून आम्ही हौदाकडे गेलो. भाऊसाहेब पाण्यात होते. आम्हाला पाहून प्रेमाने म्हणाले, "या, या. तुम्ही लोक त्या बाजूला बसा बरं. तिकडे जागा खाली आहे." गरम पाण्याचा नळ त्यांच्या बाजूला होता. पाणी बाहेर जायचं भोक आमच्या बाजूला. त्यांच्या अंगावरून आलेलं पाणी आमच्याकडे यायचं, आमचं त्यांच्याकडे जायचं नाही. हे कुणीतरी बसून नीट योजलं होतं.

पाणी मात्र छान होतं. हाडं सैल झाली. मला बरं वाटलं, आणि बरं वाटतंय याचीच लाज वाटली.

फोटोवाला आला तेव्हा भाऊसाहेबांनी आम्हाला जवळ बोलावलं. बाच्या खांद्यावर हात ठेवला. फोटो निघाला. हात निघाला. मग वरच्या बाजूचे एकेक करून बाहेर पडले आणि दोन मिनिटांत हौदात आम्ही चौघंच उरलो. बा डोळे मिटून बसला होता. तो म्हणाला, "गप बस. भाऊसाब पक्कं करणार हायेत आपल्याला." भाऊसाहेबांनी तसा शब्द दिला होता. दोघांचे कागद त्यांच्या टेबलावर होते.

दुसऱ्या आठवड्यापासून नियम ठरला. बाकीच्यांना हौद रोज. आम्हाला शनिवारी, पाळी सुटल्यावर, सगळ्यांचं आटोपलं की. रविवारी सकाळी हौद रिकामा करायचा आणि ब्लीचिंग पावडर टाकून घासायचा. घासायला मी.

वर्षभर घासला. हे लपवायचं नाही मला. दर रविवारी त्या कोरड्या हौदात उतरून, आदल्या दिवशी आम्ही बसलो होतो तीच जागा मी गुडघ्यावर बसून खराट्याने घासत होतो. डोळे चुरचुरायचे. हाताची सालपटं निघायची. रिकाम्या हौदात माझं अंग लागलं तर चालत होतं, पाणी आलं की चालत नव्हतं. मी स्वतःलाच सांगायचो, कागद होऊ दे. एकदा कागद होऊ दे. माणूस स्वतःला किती फसवू शकतो याचा मला तेव्हा अंदाज आला.

पुढच्या हिवाळ्यापर्यंत आमचं मध्य भारत राज्य गेलं आणि मध्य प्रदेश झाला. राजधानी भोपाळला. तिथून बडे पाहुणे मिल पाहायला येणार, असं कळलं. भाऊसाहेबांनी निरोप धाडला. त्याच चौघांना तयार ठेवा.

पुन्हा तीच जागा. तेच चार पाट. बा आधीच धोतर सोडून बसला होता. बाकीचे दोघंही बसले. कंपाउंडर बादली ढवळत होता. मला म्हणाला, "कपड़े उतार."

मी उभाच राहिलो. ठरवून आलो नव्हतो. रात्री काही शपथ वगैरे घेतली नव्हती. बाची पाठ दिसली. मणके मोजता येतील अशी झाली होती. आणि हात शर्टाच्या गुंडीपर्यंत जाईना.

"सुना नहीं?"

"पहले कोई और बैठे," मी म्हणालो.

कंपाउंडर भाऊसाहेबांना घेऊन आला. ते रागावले नव्हते. त्यांना घाई होती. "काय रे, काय झालं? पाहुणे निघालेत सर्किट हाउसवरून."

"भाऊसाहेब, जपानात आधी कोण धुतं? मालक की हमाल?"

"सगळेच धुतात. मी सांगितलं होतं ना."

"मग बसा."

मी पाटाकडे हात केला. कंपाउंडरच्या हातातला लोटा तसाच राहिला. भाऊसाहेबांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"मी घरून नहाऊन आलोय," ते म्हणाले.

"मीही. मागच्या वर्षीही."

मग ते हळू आवाजात म्हणाले, "हे बघ, तुझा कागद माझ्या टेबलावर आहे. तुझ्या बापाचाही आहे. सोच ले."

इथे मी घाबरलो. माझ्या कागदाचं मला काही नव्हतं, पण बाची बावीस वर्षं माझ्या जिभेवर आली होती. मी त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं, तो उठेल. धोतर गुंडाळेल आणि म्हणेल, चल. मनापासून वाटलं. बा पाटावरून उठला नाही. माझ्याकडे न बघता म्हणाला, "बस रे. पानीच हाय. लागत न्हाई."

"मला लागतं, बा," मी म्हणालो.

"मंग जा. मला पक्कं व्हायचंय."

मी निघालो. हौदाच्या बाजूने, सगळ्यांसमोरून, फाटकाबाहेर. मागे लाल पाणी बाच्या डोक्यावर पडल्याचा आवाज आला. मी थांबलो नाही. रस्त्यावर आल्यावर रडलो, ते रागाने. भाऊसाहेबांवरच्या, आणि बावरच्याही.

बा पक्का झाला. मला फाटकाच्या आत घ्यायचं नाही असं सांगून ठेवलं. मी मालधक्क्यावर हमाली धरली, अजून तीच करतो. बा मरेपर्यंत म्हणत होता, "दोन लोटे पान्यासाठी नोकरी घालवली यानं." मी त्याला उलट बोललो नाही. ज्याने इतकी वर्षं कापसाची धूळ गिळली त्याला काय बोलणार. पण त्याचं खरं आहे असंही कधी म्हणालो नाही.

माझी थोरली मुलगी आता शाळेत जाते. मध्यंतरी घरी आली ती रडतच. बाईंनी हिला एकटीला वर्गासमोर उभी करून डोक्यात उवा आहेत का पाहिलं होतं. पुन्हा सोमवारी पाहणार होत्या. सोमवारी मी कामावर खाडा केला आणि शाळेत गेलो. बाई म्हणाल्या, "सफाई की बात है, इसमें बुरा क्या मानना?" मी म्हणालो, "बुरा नहीं मान रहा. सबकी देखिए. नहीं तो इसकी मत देखिए." आणि दारातच उभा राहिलो. हेडमास्तर येऊन गेले. चपराशी येऊन गेला. मी उभा. शेवटी बाईंनी सगळ्या वर्गाला रांगेत उभं केलं. माझ्या मुलीच्या डोक्यात काही नव्हतं. पहिल्या बाकावरच्या दोघींच्या डोक्यात निघाल्या.

मी हसलो नाही. मला त्यांच्या उवा नको होत्या. मला रांग हवी होती. ती मी यापुढे प्रत्येक दारात मागणार आहे, आणि लागेपर्यंत दारातून हलणार नाही.