ऐरोलीची फुगडी आणि आमची वजनं

आमच्या ग्रुपचे किस्से पर्सच्या तळाशी साठणाऱ्या सेफ्टी पिनांसारखे आहेत. मुद्दाम कोणी गोळा करत नाही, पण किल्ली शोधायला हात घातला की एखादी टोचतेच. परवा फोनवर भाचीला एक किस्सा सांगायला गेले आणि तासभर पिनाच निघत राहिल्या. शेवटी म्हटलं, लिहून टाकावं.

ग्रुप म्हणजे मंगळागौरीचे खेळ करणारा ग्रुप. ऐरोलीतल्या आम्ही काही जणी, बहुतेक पन्नाशीच्या अल्याडपल्याड. श्रावणात नव्या सुनांच्या मंगळागौरी, एरवी डोहाळजेवणं, हळदीकुंकू, सोसायट्यांचे वार्षिक कार्यक्रम. नऊवारी घालून जायचं, झिम्मा-फुगडी-पिंगा करायचा, यजमानांकडचा फराळ खायचा आणि घरी येऊन गुडघ्यांना तेल चोळायचं.

प्रमुख सुलभाताई. शाळेत पी.टी.च्या बाई होत्या. रिटायर झाल्या, पण शिट्टी काही गळ्यातून उतरली नाही. मेघना महाप्याच्या एका आयटी कंपनीतली, आमच्यात सगळ्यांत धाकटी, आणि माझी तिची ओळख झाल्यापासून डाएटवर. वनिता इथल्याच जुन्या गावातली. सासऱ्यांची शेती होती तिथे आता तिच्या भाड्याच्या खोल्या आहेत. अंगाने आमच्या सगळ्यांत भरलेली, आणि आरशासमोर सगळ्यांत जास्त वेळ तीच उभी राहते. आवडीने.

आणि मी. हे गेले, त्यानंतर एकटीपुरता स्वयंपाक करायला हात वळेना. दोघांचा व्हायचा आणि दोघांचा मीच संपवायची. अंगावर ते सगळं दिसत होतं. सुलभाताईंनी मला ग्रुपमध्ये ओढलं तेव्हा मी अट घातली, की गाईन, पण वर्तुळात उतरणार नाही. हे शरीर घेऊन चार लोकांसमोर उड्या मारायच्या नाहीत, एवढं पक्कं होतं. कोणी कारण विचारलं तर म्हणायची, "मंगळागौरीत माझ्यासारखीने कसं नाचायचं?" मग पुढे कोणी बोलत नसे. सबब उत्तम होती.

*

पहिला किस्सा नऊवाऱ्यांचा. सगळ्यांनी एकसारख्या, शिवलेल्या नऊवाऱ्या करायच्या ठरल्या. टेलरने सांगितलं, मापं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. दुपारभर ग्रुपवर आकडे येत राहिले आणि प्रत्येकीचा आकडा आधीच्यापेक्षा बारीक. कोणी लग्नातल्या ब्लाउजचं माप धाडलं, कोणी दिवाळीपर्यंत होणार होतं ते. मी मुलीच्या जुन्या कुर्त्याचं पाठवलं. आपण पुष्कळ वर्षांत माप घेतलंच नाही, हे टंकायला जिवावर आलं.

साड्या तयार झाल्या. आम्ही घ्यायला गेलो. टेलरने दुकानातून आमच्याकडे पाहिलं, गठ्ठ्याकडे पाहिलं, मग आमच्या मागे रस्त्यावर पाहिलं आणि विचारलं, "या साड्या ज्यांच्या आहेत त्या मॅडम येतायत ना?"

फक्त वनिताची बरोबर बसली. तिने आकडा पाठवलाच नव्हता. ती स्वतःच जाऊन टेपसमोर उभी राहिली होती.

*

दुसरा किस्सा सुलभाताईंच्या काट्याचा. त्यांचं म्हणणं, फुगडी हे शास्त्र आहे. दोघींचं वजन सारखं पाहिजे, नाहीतर जड बाई जागेवर राहते आणि हलकी भिंतीवर जाते. म्हणून एका रविवारी त्या क्लबहाउसमध्ये घरचा वजनकाटा घेऊन आल्या.  एकीला गॅस बंद केला की नाही ते आठवेना. मेघनाने घड्याळ, कानातले, बांगड्या, केसांची क्लिप, सगळं काढून ठेवलं, आणि तरी एक पाय हळूच भिंतीला टेकवून उभी राहिली.

शेवटी तोडगा निघाला. आकडा फक्त सुलभाताईंनी बघायचा, कोणाला सांगायचा नाही, परस्पर जोड्या लावायच्या. सगळ्या खूश. एकेक करून चढल्या, उतरल्या. मी कोरसमधली म्हणून सुटले. मग सुलभाताईंनी शिट्टी मारली आणि जोड्या जाहीर केल्या.

तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं, की आकडा सांगितला असता तर परवडलं असतं. कारण मेघनाची जोडी वनिताशी लागली होती.

मेघना म्हणाली काटा बिघडलाय. मग म्हणाली तिच्या कुटुंबात हाडंच जड असतात.  वनिता मात्र तिचा हात धरून मनापासून म्हणाली, "मना तं बरं वाटलं गो बाय. इतकी वर्सं या वजनाची मी एकटीच होते."

*

त्यानंतर मेघनाने पोट आवळायचा पट्टा मागवला. एकाने भागलं नाही म्हणून दुसरा. कोपरखैरण्याच्या एका डोहाळजेवणाला ती दोन्ही पट्टे एकावर एक चढवून आली. दिसत होती सुरेख. हसत मात्र नव्हती, कारण हसायला हवा लागते.

बस फुगडीची वेळ आली. ही फुगडी उकिडवं बसून, पाय आळीपाळीने पुढे टाकत घालायची असते. मेघना निम्मी खाली गेली आणि तिथेच थांबली. पट्टे तिला आणखी खाली बसू देईनात आणि गुडघे परत उठू देईनात. हात पुढे, चेहरा लाल, खुर्चीविना खुर्चीत बसल्यासारखी. समोर वनिता. तिला वाटलं हे नवीन बसवलंय, म्हणून तीही तशीच थांबली. मग बाकीच्याही थांबल्या. सुलभाताईंनी प्रसंग ओळखून शिट्टीवर ताल धरला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

आम्ही चौघींनी मेघनाला तशीच, त्या आकारात, उचलून आत नेलं. त्यालाही टाळ्या पडल्या.

हे एवढ्यावर संपलं असतं. पण पुढच्या महिन्यात घणसोलीच्या एका बाईंचा फोन आला, की कार्यक्रम ठेवायचाय, पण ती अर्धवट बसायची फुगडी पाहिजेच.

*

माझाही एक किस्सा आहे, छोटासा. हॉलमध्ये गेलं की मी आधी खांब शोधायची. गाण्याची रांग मागे उभी राहते, त्यात मी अशी उभी राहायची की खांब माझ्यापुढे येईल. खांब नसेल तर पडदा. पडदा नसेल तर खेळासाठी आणलेलं सूप तोंडासमोर धरायचं.

एकदा कार्यक्रम संपल्यावर यजमानांच्या सासूबाई सुलभाताईंना म्हणाल्या, "खेळ छान झाले हो. आणि ती गाण्यांची रेकॉर्डिंग कुठून आणलीत? आवाज फार गोड आहे त्या बाईचा." मी त्यांच्याशेजारी उभी राहून बटाटेवडा खात होते. मला खरं तर आनंद झाला. काहीच दिसलं नव्हतं, नुसतं ऐकू आलं होतं. माझं जे म्हणणं होतं तेच.

रात्री व्हिडिओ पाहून मुलीचा पुण्याहून मेसेज आला, "आई, आज गेली नव्हतीस का?"

त्यावर मी हसणारा चेहरा पाठवला. दुसरं काय पाठवणार?

*

मग ग्रुपचा फोटो. जाहिरातीसाठी एक पोस्टर करायचं ठरलं आणि ते काम मेघनाने घेतलं, तिथेच आम्ही फसलो. तिच्या मोबाइलमध्ये माणसाला बारीक करायची सोय आहे. पोस्टर आलं तेव्हा आम्ही सगळ्या कॉलेजच्या गॅदरिंगला निघाल्यासारख्या दिसत होतो. मला माझी साडी ओळखू आली, मी नाही आले.

पुढचा कार्यक्रम एका मोठ्या टॉवरमध्ये होता. यजमानांनी हौसेने तेच पोस्टर गेटवर पाठवून ठेवलेलं. वॉचमनने आमच्याकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं आणि गेट काही उघडेना. "फोटो में तो दूसरे लोग हैं," तो म्हणाला. खरं होतं. वाद कसा घालणार?

वनिता गाडीतून उतरली आणि शांतपणे म्हणाली, "वो हमारी पोरी लोग हैं. पीछे से आती हैं."

गेट उघडलं. दोन तासांनी आम्ही परत निघालो तर हा बिचारा अजून रस्त्याकडे बघत उभा. गाडीजवळ येऊन त्याने हळूच विचारलं, "मॅडम, वो लोग आए नहीं?"

सुलभाताई म्हणाल्या, "पंद्रह-बीस साल हुए भैया, हम भी राह देख रहे हैं."

*

आता बंदराकडच्या द्रोणागिरीचा. तिथल्या एका नव्या इमारतीत मंगळागौर होती, भर दुपारी. वनिताच्या गाडीतून निघालो आणि अर्ध्या वाटेत मेघनाचा फोन आला, की ऑफिसातून सुटका नाही. म्हणजे वनिताला जोडीदार नाही. सुलभाताईंनी पुढच्या सीटवरून मागे वळून आमच्यावरून एकेक करून नजर फिरवली. शाळेत वर्षानुवर्षं खो-खोच्या टीम निवडलेली नजर ती. तिला काटा लागत नाही. ती माझ्यावर येऊन थांबली.

मी नेहमीचं वाक्य म्हटलं. माझ्यासारखीने कसं नाचायचं, वगैरे. गाडीत सगळ्या आपापले पदर सारखे करू लागल्या. सुलभाताईसुद्धा पुढे वळल्या.

वनिता गाडी चालवत होती. रस्त्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "बाय, तुजा नवरा गेला, ता मना समजतं. पन पोट लपवाला त्याला कशाला पुढं करतेस?"

 मी खिडकीबाहेर बघत राहिले. कंटेनरांच्या रांगा लागल्या होत्या, एकावर एक रचलेल्या. बऱ्याच वेळाने मला हसू आलं. कारण हे असते तर त्यांनीही हेच विचारलं असतं. फक्त इतक्या सभ्यपणे नाही.

घर छोटं होतं. हॉलमध्ये खांब नव्हता, पडदेही अजून लावलेले नव्हते. नवी नवरी, तिच्या मैत्रिणी, दोन्हीकडच्या बायका भिंतींना टेकून बसलेल्या. झिम्मा झाला. मग सुलभाताईंनी शिट्टी मारली, वनिताने वर्तुळातून हात पुढे केला आणि मी गेले.

पहिल्या दोन गिरक्यांत मला फक्त माझं पोट जाणवत होतं. मग काहीच जाणवेना. सुलभाताईंचं शास्त्र अगदी खरं होतं. दोन सारखी वजनं एकदा फिरायला लागली की थांबत नाहीत. पाय आपोआप दणादण आपटत होते, पिना सुटत होत्या, भिंतींना टेकलेल्या बायका पाय जवळ ओढून घेत होत्या, नवरी सोफ्यावर चढली होती. आणि मला वाटतं, मी ओरडत होते. आनंदाने. सुलभाताईंनी दोनदा शिट्टी मारली, ती आम्ही ऐकली नाही. शेवटी आम्ही दोघी थांबलो त्या दाराशी, भिंतीवर, आणि त्याच क्षणी बेल वाजली.

यजमानीणबाईंनी दार उघडलं. बाहेर खालच्या मजल्यावरचे गृहस्थ. बनियन, उष्टा उजवा हात, आणि त्या हाताच्या तळव्यावर झुंबराचा एक काचेचा लोलक. लोलकावरून वरण ठिबकत होतं.

"जेवत होतो," ते म्हणाले.  "हा वरून थेट वाटीत पडला. मला फक्त एवढं सांगा, हे कोणामुळे झालं?"

 सगळ्या सभ्य बायका. कोणी जमिनीकडे बघत होती, कोणी गौरीकडे. माझ्याकडे न बघण्यासाठी सगळ्यांची धडपड चालली होती.

मी पुढे झाले. अंबाडा सुटलेला, काष्टा सैल, घामाने निथळलेली, दाराची चौकट पूर्ण भरून टाकेन इतकी मी.

"माझ्यामुळे," मी म्हणाले. "आणि अजून पिंगा व्हायचाय. तेवढा वेळ वाटीवर झाकण ठेवा."