केसरबाईच्या करडांना लागलेल्या पिसवा

चौसाळ्याजवळ डोंगराकडेला केसरबाई शेळ्या पाळते. कुणाच्या गोठ्यात पिसवा झाल्या की लोक तिलाच बोलवायचे. ती आधी गोठा झाडून वरची माती खरवडून लांब टाकायची. मग सीताफळाचा नि निरगुडीचा पाला उकळून ते पाणी सांदीकोपऱ्यात शिंपडायची, करडांखाली निरगुडीच्या डहाळ्या अंथरायची. "रोज करा. एका दिसात काय होत न्हाई," असं बजावायची.

गेल्या थंडीत तिच्याच गोठ्यात पिसवा झाल्या. तिचा मुलगा सोमनाथ आणि सून बबिता लागूनच्या खोलीत राहायचे. त्यांच्या तान्ह्या लेकीच्या अंगावर लाल गांधी उठल्या. पोर रडायची थांबेना. केसरबाई पाला आणायला डोंगरात गेली, तेवढ्यात सोमनाथनं कपाशीवर मारायचं औषध पंपात भरलं आणि गोठाभर फवारलं. मायचे हेलपाटे वाचतील, एवढंच त्याच्या मनात होतं. करडं बाहेर काढायचं त्याला सुचलं नाही.

ती परतली तेव्हा सात करडं पाय झाडत पडली होती, तोंडाला फेस. जनावरांचा डॉक्टर येईपर्यंत पाच गेली. सोमनाथ ओल्या फडक्यानं एकेकाचं तोंड पुसत होता. केसरबाईच्या तोंडून निघून गेलं, "तू माज्या पोटी कावून आलास रे?"

त्यानं खड्डा खणून पाचही करडं पुरली. आठवड्याच्या आत तो बायको-पोरीला घेऊन परळीला गेला आणि वीज केंद्राच्या राखेच्या विटा पाडायच्या कामाला लागला.

केसरबाई फोन करायची, बबिता उचलायची. "ते कामावर हायेत, आत्या." सुट्टीच्या दिवशीही तेच.

दोन महिन्यांनी ती एसटीनं परळीला गेली. सोमनाथ पाया पडला, चहा दिला. निघताना तिनं त्याचा हात धरला.

"रागात बोलले रे. इसर की."

"माय, तुज्यावर राग न्हाई. पर तिथं करडू वरडलं की तुजं ते बोलणं कानात येतं."

"मग शेळ्या इकून टाकते."

"त्यानं काय हुईल?"

तिनं पिशवी उचलली. तो स्टँडपर्यंत आला, तिला खिडकीजवळ बसवलं आणि गाडी हलायच्या आधीच पाठ फिरवून गेला.

पाडव्याला बबिता पोरीला घेऊन गावी आली. सोमनाथ आला नाही.