ताईचा तीन कामांचा पोशाख

माझी ताई बावन्न वर्षांची आहे आणि अंगानं भरलेली आहे. आधीच सांगून टाकते, कारण पुढे प्रत्येक जण तेच सांगणार आहे. तीस वर्षं ती एका मोठ्या कापडदुकानाच्या जिन्याखाली मशीन टाकून बसते. लोकांच्या पँटा आखूड करते, ब्लाऊज सैल करते, चेन बदलते. जिन्यावरून येणारे-जाणारे तिच्या डोक्यावर धूळ पाडतात आणि वर घाई करतात. तिनं आजवर एकालाही उलटून बोललेलं मी ऐकलेलं नाही. ते काम आमच्या घरात माझ्याकडे आहे.

तीन वर्षांपूर्वी गुडघे धरले म्हणून डॉक्टरांनी तिला पोहायला पाठवलं. सायकलनं तर ती आधीपासूनच कामाला जाते. मग टँकवरच्या सरांनी एक फॉर्म दिला आणि हिनं आम्हाला न विचारता भरून टाकला. ट्रायथलॉन. साडेसातशे मीटर तळ्यात पोहायचं, तशाच ओल्या अंगानं वीस किलोमीटर सायकल मारायची, वर पाच किलोमीटर पळायचं. मध्ये कपडे बदलायला सवड नाही, तिन्ही कामांना एकच पोशाख. पोहायला तीस मिनिटं. त्यात जो बाहेर आला नाही त्याला होडीत घालून काठावर आणतात, खेळ तिथंच संपतो.

"मला तेवढं होडीतून यायचं नाही," ताई म्हणायची. बाकी तिचं काही मागणं नव्हतं.

टँकवर ती बायकांच्या वेळेत एका विटक्या जुन्या पोशाखात पोहायची. तो सायकलच्या सीटवर तासभर टिकला नसता. म्हणून आम्ही खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो. तिथल्या पोरीनं ताईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मला म्हणाली, आजींचं माप आमच्याकडे नाही, जेंट्समध्ये बघा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी मॅनेजरला बोलावून घेतलं. तो म्हणे, या साइझला मागणी नसते. म्हटलं, मागणी करायला ही एवढी समोर उभी आहे, दिसत नाही का तुम्हाला? माझं भांडण चालू असताना ताईनं काउंटरवरचा एक पोशाख उलटा करून अंगठ्यानं त्याच्या शिवणी चाचपून घेतल्या होत्या.

"चल गं," ती म्हणाली, "हा मी शिवते."

आणि शिवलाही. काळं ताणाचं कापड, पुढे चेन, बुडाखाली पातळ गादी. दुकान बंद असायच्या दिवशी बसून एका दिवसात उभा केला. फक्त एक गोष्ट तिनं सवयीनं केली, प्रत्येक शिवणीत आत दोन बोटं मार्जिन सोडलं. तीस वर्षांत तिनं मार्जिन न ठेवता कुणाला कपडा दिलेला नाही. अंग काय विचारून वाढतं का, असं ती गिऱ्हाइकांना सांगते.

मग दादा आला. आमचा मोठा भाऊ विमा विकतो आणि जगातला प्रत्येक माणूस त्याचं होऊ घातलेलं गिऱ्हाईक असतं. पोशाख हातात धरून म्हणाला, हे घालून तू चारचौघांत पळणार? तिथं माझ्या ओळखीची माणसं येतात. निदान कोपरापर्यंत बाह्या लाव. ताई दुसऱ्या दिवशी बाह्या लावून मोकळी झाली. मी दादाला फोनवर असं झापलं की त्यानं तो मधेच कापला. बाईनं घाम गाळायचा तोही तुझ्या परवानगीनं का, असं बरंच काही. बोलून झाल्यावर मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी ताईनं पोशाख घालून दाखवला आणि पाठमोरी झाली. आणि मी, दादाला झापणारी मी, म्हणाले, मागून जरा झाकलं असतंस तर बरं.

"किती?" तिनं विचारलं.

"वीतभर."

तिनं कमरेखाली वीतभर झालर लावली.

शर्यतीला आठ दिवस असताना टँकवर चाचणी घेतली. घड्याळ माझ्या हातात होतं. जुन्या पोशाखात ती सव्वीस मिनिटांत अंतर कापायची. त्या दिवशी झालरीत पाणी भरलं, ती मांड्यांना गुंडाळली गेली, बाह्या जड झाल्या. दर फेरीला ती थांबून झालर मागे सारायची. चौतीस मिनिटं. वर तशीच सायकलवर बसली, तर आतल्या मार्जिननं मांड्या सोलून निघाल्या. सर पोशाखाकडे बघून म्हणाले, बाई, ही अडगळ कुणी चढवली तुमच्या अंगावर?

ताई बाकावर बसली आणि रडायला लागली. मला होडीत घालतील, म्हणाली. बावन्न वर्षांची बाई सगळ्यांच्या देखत रडत होती आणि माझा संताप संताप होत होता. मी दादाचा उद्धार सुरू केला. त्याला आत्ताच्या आत्ता इथं आणते, या मांड्या दाखवते, म्हटलं.

ताईनं नाक पुसलं. "झालर त्याची नाही गं," ती म्हणाली.

दुकानातल्या पोरीवर आला नव्हता, दादावर आला नव्हता, एवढा राग मला माझा आला.

दुसऱ्या दिवशी जिन्याखाली मी तिच्याशेजारी बसून उसवत होते. बाह्या निघाल्या. झालर मी स्वतः काढली, एकेक टाका. मग तिनं पोशाख उलटा केला, मार्जिनवर कात्री धरली आणि हात थांबवला.

"पुन्हा अंग सुटलं तर सोडवायला काही राहणार नाही," ती म्हणाली.

राहू दे मग थोडं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी जीभ चावली.

"नाही राहिलं तर नाही," ताईच म्हणाली. "आत्ता आहे त्याचंच माप." आणि तिनं शिवणीला लागून कात्री चालवली, पार शेवटपर्यंत.

शर्यतीच्या सकाळी दादा भलामोठा टॉवेल घेऊन काठावर हजर. ती बाहेर आली की आधी हा गुंडाळ, मला म्हणाला. मी टॉवेल घेतला आणि खाली टाकून त्यावर उभी राहिले. होडी दमून हात वर केलेल्या एकाला घेऊन आली, मग दुसऱ्याला. सत्ताविसाव्या मिनिटाला ताई तळ्यातून चालत बाहेर आली. काळा पोशाख अंगाला घट्ट, पोट दिसतंय, सगळं दिसतंय, आणि ती आमच्याकडे न बघता सायकलींकडे धावत सुटली.

तिच्या पोशाखाला मागून, कमरेखाली, बारीक भोकांची एक रांग होती. त्या कापडात सुईची भोकं बुजत नाहीत. एकदा पडली की पडली.

"ते मागं काय फाटलंय तिचं?" दादानं विचारलं. "झाकायला सांगितलं होतं ना मी?"

"मीही सांगितलं होतं," मी म्हणाले. "त्याचीच भोकं आहेत ती."

तोवर ताई सायकलवर बसून वळणापलीकडे गेली होती.