बाबांचे राहिलेले चार शेक

बाबांच्या नाकावर, चष्मा टेकतो तिथेच, वर्षभर एक पुळी होती. खपली धरायची, पडायची, रक्त यायचं, पुन्हा खपली. चष्मा घासतो म्हणून होतं, असं त्यांनी ठरवूनच टाकलं आणि चष्म्याला चिंधी गुंडाळली. शेवटी मीच ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. कातडीचा कर्करोग निघाला, पण अगदी सुरुवातीचा. कापून काढायचा आणि कानामागची कातडी तिथे लावायची, हा एक उपाय. दुसरा, किरणांचा शेक.

"नाक कापून गावात कोन्त्या तोंडानं जाऊ?" बाबा म्हणाले. डॉक्टर हसले. मला मात्र काही हसू आलं नाही.

मग शेक ठरला. सोमवार ते शुक्रवार रोज एक, असे वीस. मध्ये खाडा करायचा नाही, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं. आमचं गाव दर्यापूरकडे. तिथून रोज अकोल्याला ये-जा त्या वयात होणं नाही, म्हणून बाबा जठारपेठेत माझ्याकडे राहायला आले. मी घरीच ब्लाउज शिवते. दसरा तोंडावर, कपड्यांचा ढीग पडलेला, आणि दोन खोल्यांच्या घरात बाबा. जन्म झेंडूच्या वावरात गेला त्यांचा. पाच मिनिटं एका जागी बसतील तर शपथ! दारात जा, आत ये, नळ बंद आहे का पाहा, "पोरी, किती वाजले?" मशीनवर माझा पाय चालायचा आणि डोकं फिरायचं.

शेक म्हणजे मिनिटभराचं काम. आधी नाकावर गार जेल लावून सोनोग्राफीसारखं एक यंत्र फिरवायचे. पडद्यावर कातडीच्या आतला गाठीचा काळा ठिपका दिसायचा. तो किती खोल आहे ते रोज पाहून तेवढाच शेक द्यायचा. भोवती शिशाचा पत्रा ठेवायचे आणि मला बाहेर काढायचे. पहिल्या दिवशी तो ठिपका तुरीच्या दाण्याएवढा होता. पुढे बारीक होत गेला. वरून नाक लालभडक झालं, सालपटं निघायला लागली, तेव्हा मी घाबरले. तर तंत्रज्ञ बाई म्हणाल्या, "हे व्हायचंच. काही लावू नका, खाजवू नका, उन्हात जाऊ नका." बाबांना खाजवू न देणं हे माझं आणखी एक काम झालं.

सोळावा शेक शुक्रवारी होता, तेव्हा पडद्यावर काहीच दिसेना. बाईंनी बाहेर येऊन मला सांगितलं, "छान आहे, पण आपण वीस पुरे करायचे हं." ऑटोत बसल्यावर मी बाबांना म्हटलं, "बाबा, आता तं काहीच दिसून नाही राहिलं." वीस पुरे करायचे, हे बाईंचं पुढचं वाक्य मी बोललेच नाही. खरं सांगू? मलाच ते सगळं एकदाचं संपायला हवं होतं.

"मंग कायले अजून मारा लागते?" बाबा म्हणाले. "पानावरचा रोग गेला का आपुन फवारा बंद करतो."

मी नुसतं हूं केलं. डोक्यात अस्तराचं कापड होतं.

शनिवार-रविवार गेला. सोमवारी सकाळी मी अस्तर आणायला बाजारात गेले, दोन-तीन तासांनी परत येते तर घराला कुलूप, किल्ली शेजारणीकडे. बाबा गावाला गेले म्हणे! गावाकडच्या भावाला फोन केला तर तो म्हणाला, "हो, आत्ताच जीपमधून उतरले." दसऱ्याची फुलं तोडायला पळाले, दुसरं काय! माझं टाळकंच सणकलं. मशीनवरचा ब्लाउज तसाच टाकला, दर्यापूरची बस धरली, पुढे जीपमध्ये चेंगरून गावाला पोचले. वाटेत दवाखान्यातून फोन, आज का आला नाहीत? काय सांगू? उद्या आणते म्हटलं. त्यांनी चांगलंच झापलं, आणि झापलं ते बरोबरच होतं.

बाबा बांधावर बसले होते. डोक्याला रुमाल नाही, नाक उन्हात उघडं.

"तुमाले कोनं सांगतलं रोग गेला म्हणून?" मी लांबूनच ओरडले. "दिसत नाही म्हणजे गेला का? आत एवढासाही राहिला तं पुन्हा येते तो! मंग खरंच नाक कापा लागन! फुलासाठी जीव देता का?"

"फुलं तं कालच तोडली तुया भावानं," बाबा हळू म्हणाले.

मी वावराकडे पाहिलं. खरंच, हिरवा पालाच उभा होता.

"मंग काहून आले?"

बाबांनी बांधावरचं एक ढेकूळ उचलून चुरलं. "तू परवा फोनवर सांगून राहिली होती कोनाले तरी. बाबाच्या पायी समदं काम अडलं, चार दिवस निघाले का सुटली मी म्हणे. मी मनलं, दिसून तं नाही राहिलं. मंग पोरीले कायले अडकवा?"

एक गिऱ्हाईक ब्लाउजसाठी मागे लागलं होतं, तिला बोलले होते मी. बाबा तेव्हा पलंगावर डोळे मिटून पडले होते. लाज वाटली, इतकी की रडूसुद्धा येईना. मी माझी ओढणी त्यांच्या डोक्यावर, नाकावर टाकली आणि म्हटलं, "चला बाबा." ते गुमान उठले.

राहिलेले चारही शेक झाले. आता नाकावर थोडी पांढरट जागा उरली आहे, बाकी नाक शाबूत. दर तीन महिन्यांनी दाखवायला आणायचं असतं. मी फोन करते, "बाबा, तारीख जवळ आली." तिकडून दर वेळी तेच विचारतात, "तुले काम नसन तं येतो."

काम असतंच. मी म्हणते, "नाही बाबा, काहीच काम नाही. या तुमी."