मंगळवारचा धाकटा

फोन ठेवला की माणूस निघून जातो, बोलणं मात्र बूथमध्येच राहतं. डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या रस्त्यावर मी एसटीडी बूथ चालवायचे. त्या वर्षांत माझ्याकडे इतकी बोलणी साठली की आता एक आठवायला जावं तर मागून चार धक्के मारत येतात. सगळी काही सांगता येत नाहीत. काहींचे संसार अजून नीट चाललेत.

बूथ मला फुकट नाही मिळाला. विधवांना प्राधान्य द्यायचं असं सरकारचं नवं धोरण आलेलं. मुलाखतीला साहेबांनी विचारलं, "शिक्षण?"

"चौथी. पुढचं माझं मी."

"इंग्रजी येतं?"

त्यांच्या मागच्या भिंतीवर नोटीस लावलेली होती. ती मी मोठ्याने वाचून दाखवली, आणि तिच्यात स्पेलिंगची चूक होती तीही दाखवली. साहेब चष्मा पुसत म्हणाले, "बाई, बूथ तुम्हाला देतो. पण पुन्हा ऑफिसात येऊ नका."

* * *

हिराबाय माझं पहिलं नेहमीचं गिऱ्हाईक. खाडीकाठची कोळीण. कारखान्यांच्या पाण्याने खाडीतली मासळी गेली, तेव्हा तिचा नवरा गुजरातेत वेरावळला कुणाच्या तरी ट्रॉलरवर कामाला गेला. बोट बंदरात असली की दर बुधवारी दुपारी खलाशी मालकाच्या ऑफिसात जमायचे, घरच्यांच्या फोनसाठी.

पहिल्यांदा मी नंबर लावून दिला. हिराबायने विचारलं, "आमचं ह्ये हायत का?"

तिकडून मॅनेजर म्हणाला, "यहाँ सब किसी न किसी के 'ह्ये' हैं, बाई," आणि त्याने फोन ठेवला.

"नाव सांग ना गं," मी म्हटलं.

तिने जीभ चावली. "नवऱ्याचा नाव कोन घेतं, बाय?"

शेवटी मीच पुन्हा फोन लावला, "बुधाजी है क्या?" म्हणून विचारलं आणि रिसीवर तिच्या हातात दिला. पुढे कित्येक वर्षं हेच चाललं. नाव मी घ्यायचं, बोलायचं तिने.

बरं, नवरा बुधाजी म्हणून बाई बुधवारसुद्धा म्हणायची नाही. "उंद्या येतंय, बाय. उंद्या मंगलवारचा धाकटा."

मी तिला ऐकवलं, "मी तर आमच्यांना सरळ 'अहो दत्तोबा' अशी हाक मारायचे. भर रस्त्यात."

"मंग हाकेला येत व्हते का?"

"कधीच नाही."

* * *

बूथमध्ये सगळ्यात जास्त बोलला जाणारा शब्द 'हॅलो' नव्हे. 'खरखर'!

सासूचा आवाज आला की सुनेच्या लाइनीत खरखर. साहेबाने रजेचं कारण विचारलं की कारकुनाच्या लाइनीत खरखर. मला वाटलं, वायरच खराब असेल. लाइनमन पाठारेला बोलावलं. त्याने खांबावर चढून पाहिलं, खाली उतरून पाहिलं, माझ्याकडचा चहा प्यायला आणि म्हणाला, "मावशी, लाइन ठणठणीत आहे. खरखर माणसांत आहे."

* * *

मग महिला मंडळाच्या हॉलमध्ये एक मोठे साहेब सरकारचं नवं धोरण समजावून सांगायला आले. म्हणाले, पुढे तारच लागणार नाही. फोन खिशात राहील, आवाज हवेतून जाईल.

मी उभी राहिले. "तार काढायची तेव्हा काढा. आधी माझ्या बूथची जोडून द्या. गटाराच्या खोदकामात तुटून पडलीय."

दुसऱ्या दिवशी जोडून मिळाली. बोलायला लागतं, त्याशिवाय होत नाही.

पण त्या सभेत माझ्या शेजारी बसलेल्या हिराबायची शंका वेगळीच. "सायेब, हवेतून गेला तर माजा बोलना यांच्या आदी सगल्या गावाला आयकू येल."

"नाही हो ताई, तुमचं तुमच्यापुरतंच राहील. प्रत्येकाची वाट वेगळी."

"ती वाट कोन देनार?"

"सरकार."

"मंग आला आमचा नंबर," म्हणत ती खाली बसली. साहेबही हसले.

* * *

इंटरनेट आलं तेव्हा मी एक जुना कॉम्प्युटर घेतला. मॅन्युअल समोर ठेवून, डिक्शनरी मांडीवर घेऊन शिकले. मोडेम किंचाळायला लागला की हिराबाय दचकायची. "यात कोन आरडतंय?"

"नंबर लावतोय. लागला की आधी नाव विचारतो."

तिचा चेहरा पडला. "कोनाचा?"

"तुझंच. स्वतःचं."

"मंग बरा हाय यो," म्हणाली आणि कॉम्प्युटरवर तिने मायेने हात फिरवला.

* * *

त्याच्या पुढच्याच पावसाआधी तिकडे समुद्रात वादळ झालं. काही बोटी परतल्या नाहीत, असं रेडिओवर सांगितलं. हिराबाय आली ती विकायला घेतलेल्या मासळीची टोपली वाटेत कुठेतरी टाकूनच. कितीतरी वेळ मी नंबर फिरवत राहिले, तेव्हा कुठे लाइन लागली.

मॅनेजर म्हणाला, बुधाजीची बोट बुडाली. माणसं दुसऱ्या बोटींनी उचलली, पण कोण कोणत्या बोटीवर, कोण नाहीच, काही कळत नाही. "सुबह से वायरलेस पर पुकार रहा हूँ. घरवाली को दो. मैं रिसीवर वायरलेस के सामने धरता हूँ. शायद अपनी आवाज़ पहचाने."

मी तिला आत उभं केलं आणि रस्त्याचा आवाज जाऊ नये म्हणून दार लावलं. काचेतून बघतेय तर रिसीवर तोंडाशी आणि ओठ घट्ट मिटलेले. तिकडून मॅनेजर इतका ओरडत होता की बाहेर मलाही ऐकू आलं, "बोलो बाई, नाम बोलो!"

तिने माझ्याकडे पाहिलं. नेहमीसारखं. मी आत जायला कडीला हात लावला, तोच ती ओरडली,

"बुधाजी! आरं बुधाजी! कुठं हास रं?"

बाहेरचा रिक्षावाला वळून बघायला लागला. मी दार उघडलं तर रिसीवरमधून नुसती खरखर. या वेळची खरी. मग कुणा परक्या माणसाचा आवाज आला, "है, है. हमारी बोट पे है. चाय पी रहा है."

हिराबाय तिथेच स्टुलावर बसली.

पुढच्या बुधवारी फोन बुधाजीनेच केला. मला म्हणाला, "बाय, अख्ख्या दर्यानं आयकला. आता जी बोट शेजारून जाते ती आरडते, आरं बुधाजी, कुठं हास रं? जरा हिला द्या."

मी दिला. दर्यावर बोलायची सवय असलेला गळा. दार लावलं तरी बाहेर ऐकू येत होता. लाइन तर इतकी स्वच्छ की मागे बंदरावर कुणीतरी खोकलेलंही कळलं.

"हिरे, आज वार कोनता गो?"

काचेच्या बूथमध्ये तिने पदर तोंडावर ओढून घेतला. दार उघडलं आणि रिसीवर माझ्यापुढे धरला.

"बाय, यांना सांग, लाइनीत खरखर हाय."