बुडबुडे मिस्त्री

भरलेली टाकी पाहून घाबरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बाकी जग टाकी भरलेली दिसली की खूश होतं. आमचे बुडबुडे मिस्त्री मात्र इंजिनच्या तेलाची टाकी आठवडाभर तेवढीच भरलेली दिसली की कपाळावर हात मारायचे. "गुर्जी, ताटातली भाकर तशीच रायली म्हंजे माणूस बिमार हाय. इंजनचंबी तसंच."

आर्णीत बसस्टँडच्या मागे त्यांचं टिनाचं दुकान होतं. दारात जुन्या स्कूटर आणि कपाशीवर फवारायचे पंप खोकत पडलेले असायचे. पण मिस्त्रींचा खरा जीव होडीच्या इंजिनात. तरुणपणी त्यांनी कोकणात काही वर्षं हेच काम केलं होतं. मग आईसाठी गावी परतले, ते थेट अशा जिल्ह्यात, जिथे समुद्र कुणाच्या स्वप्नातही येत नाही. एवढी विद्या घेऊन माणूस वीस वर्षं स्कूटर दुरुस्त करत बसला. आणि एक दिवस आमच्या धरणावरच्या मच्छीमार सोसायटीनं कुठून तरी एक जुनं इंजिन विकत आणलं.

होडीच्या पाठीला अडकवायचं, टू-स्ट्रोक, आणि वर 'ऑटोमॅटिक'. साध्या इंजिनात पेट्रोलमध्ये तेल हातानं मिसळावं लागतं. यात तेलाची टाकी वेगळी. एक छोटासा पंप इंजिन जसं धावेल तसं तेल आपोआप सोडतो. माझी शाळा धरणाच्या पलीकडच्या काठावर असल्यानं मी रोज याच होडीचा प्रवासी. मला ते कळेना, तेव्हा मिस्त्री म्हणाले, "माय भाजी कशी करते? वांगे पाहून तेलाची धार सोडते ना? हा पंप म्हंजे इंजनची माय समजा." त्या दिवसापासून मी त्या पंपाकडे आदरानं बघू लागलो.

बुडबुडे हे नाव त्यांना धरणावरच पडलं. तेलाची नळी एकदा उघडली की आत हवा शिरते आणि तेलाची वाट अडवते. ती काढायला मिस्त्री पंपाचा बारका स्क्रू सैल करायचे आणि नळीतून येणारे बुडबुडे बघत उकिडवे बसायचे. अर्धा अर्धा तास. कुणी बोललेलं चालत नसे. शेवटचा बुडबुडा फुटला की स्क्रू आवळून म्हणायचे, "हवा लय चापलूस असते गुर्जी. दिसत नाही, वजन नाही, पण जागा खाते तेलाची." कापसाचे ते वाईट दिवस होते. भाव पडलेले, गावोगाव पाहणी करणाऱ्यांच्या जीपगाड्या धूळ उडवत फिरायच्या. अशी एखादी जीप दुकानावरून गेली की मिस्त्री मान वर न करता फक्त म्हणत, "बुडबुडा."

तेल ते कधी डब्यातून थेट ओतत नसत. आधी काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवायचं, सकाळी उन्हात धरून तळाशी पाणी आहे का ते बघायचं. इतक्या प्रेमानं त्यांनी स्वतःचं औषध कधी पाहिलं असेल असं वाटत नाही.

होडी चालवायचे नामदेवभाऊ. चाळिशीचे, अबोल, हात सोन्याचे. कपाशीनं हात टेकल्यावर काठावरची घरं मासळीवरच तगून होती, आणि शुक्रवारच्या बाजाराची सगळी मासळी नामदेवभाऊंच्या होडीतून पलीकडच्या रस्त्यावर जायची. इंजिन बसवून झालं तेव्हा मिस्त्रींनी त्यांना तेलाच्या टाकीचं झाकण दाखवलं. मी शेजारीच उभा होतो. "हे पाह्य नामदेव. झाकणाले बारकं भोक हाय. यातून हवा आत जाते, तवाच तेल खाली उतरते. हे बुजवू नको. पुन्हा सांगतो, बुजवू नको. आता तू सांग." नामदेवभाऊ म्हणाले, "बुजवाचं नाही." वर्गातल्या पोरांकडून मीसुद्धा इतकं पाठ करून घेत नाही.

आमचे सोसायटीचे अध्यक्ष काटकसरीचे भक्त. त्या वर्षी त्यांनी फर्मान काढलं, जो कोणी काही वाचवेल त्याचा सत्कार. एका गुरुवारच्या सभेत त्यांनी जाहीर केलं की नामदेवनं आठ दिवसांत टाकीतलं तेल थेंबभरही खर्च होऊ दिलं नाही! टाळ्या. शाल परवडत नव्हती म्हणून टॉवेल. श्रीफळ मात्र खरं. फोटोग्राफर नव्हता, तरी अध्यक्ष सवयीनं कॅमेऱ्याकडे बघावं तसे बघत उभे राहिले.

मिस्त्री त्या दिवशी सभेनंतरचं मासळीचं जेवण खायला आले होते. ते ताडकन उठले.

"थांबा राजेहो! आठ दिवस तेल नाही खाल्लं? मंग इंजन जितं कसं हाय?"

"अहो मिस्त्री, ऑटोमॅटिक आहे ते," अध्यक्ष म्हणाले.

"ऑटोमॅटिक हाय, उपासवालं नाही!"

सगळी सभा उठून काठावर. मिस्त्रींनी झाकण हातात घेतलं, नखानं खरवडलं. भोक डांबरानं नीट बुजवलेलं. नामदेवभाऊंचा चेहरा त्या डांबरापेक्षा काळा पडला. पाऊस आला होता, टाकीत पाणी शिरेल म्हणून त्यांनी काळजीनं बुजवलं होतं. पाठ केलेलं सगळं काळजीनं पुसून टाकलं होतं.

मिस्त्रींनी त्यांना बाजूला ओढलं. मी ऐकू येईल इतका जवळ होतो. तशी माझी नेहमीच सोय असते.

"खरं सांग बे. इंजन जितं कसं?"

"म्या पेट्रोलात थोडंसं तेल टाकून राह्यलो मिस्त्रीभाऊ. वेगळ्या डब्यातलं. रोज. लहानपणापासूनची सवय हाय. मशीनवर भरोसा नाही बसत."

मिस्त्री पोट धरून हसले. "वाचवलं तूनं इंजन! बिनभरोशानं वाचवलं!"

पण अध्यक्ष हसत नव्हते. सगळ्यांसमोर त्यांनी टॉवेल दिला होता. ते कडाडले, "भोक कुणी बुजवलं? ज्यानं बुजवलं त्यानं उद्यापासून होडीला हात लावायचा नाही!"

नामदेवभाऊंना दुसरं काही येत नव्हतं. होडी गेली की घर गेलं. त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मिस्त्री मध्ये आले.

"चूक माही हाय अध्यक्षसाहेब. झाकणाचं मी सांगतलंच नाही. इसरलो."

मी पुढे सरकलो. मिस्त्रींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ताबडतोब आभाळाचं निरीक्षण करू लागलो.

मग त्यांनी भोक मोकळं केलं, बुडबुडे काढले आणि टाकीवर कुणाच्या तरी बायकोच्या नखपॉलिशनं तेलाच्या पातळीची लाल रेघ मारली. शुक्रवारी पेट्रोलात मुद्दाम हातानंही तेल मिसळलं, कारण पंप खरंच चालतो हे कळेपर्यंत इंजिनला उपाशी ठेवायचं नाही. डबल तेलानं होडी असा धूर सोडत गेली की पलीकडच्या काठावर लोकांना आगगाडी आल्यासारखं वाटलं. मासळी वेळेवर पोचली. माझा पांढरा सदरा कायमचा राखाडी झाला. परत आलो तेव्हा तेल लाल रेघेच्या बोटभर खाली होतं, आणि मिस्त्री काठावर नाचत होते. अक्षरशः नाचत होते.

त्यानंतर अध्यक्षांनी मिस्त्रींना कधी बोलावलं नाही. विसराळू माणूस म्हणे. यवतमाळहून दुसरा मेकॅनिक येऊ लागला. कोकणातून आणलेली ती सगळी विद्या पुन्हा स्कूटरच्या कामाला लागली. मी एकदा म्हणालो, "मिस्त्री, सांगून टाकू का?" ते म्हणाले, "तुम्ही पोराईले शिकवा गुर्जी. मोठ्याईच्या भानगडीत पडू नका." आणि चहा मागवला. नामदेवभाऊ मात्र दर शुक्रवारी बाजारातून आर्णीला जायचे, दुकानात तासभर बसायचे. दोघं काय बोलत, ठाऊक नाही. बहुधा काहीच नाही.

काही वर्षांनी मिस्त्री गेले. हृदयाचा झटका, दुकानातच. सोसायटीत शोकसभा झाली. अध्यक्ष तेच, फक्त केस रंगवलेले. ते म्हणाले, "माणूस गुणी होता. फक्त थोडा विसराळू. झाकणाचं सांगायचं तेवढं राहिलं त्यांच्याकडून."

मागून नामदेवभाऊ उठले. इतक्या वर्षांत सभेत त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"इसरले नव्हते. माह्याकडून पाठ करून घेतलं होतं. भोक म्या बुजवलं."

 अध्यक्ष त्यांच्याकडे वळले.

"मग तेव्हा काहून नाही बोलला?"

"त्यायनं बोलू नाही दिलं."

अध्यक्षांनी समोरच्या, हार घातलेल्या मिस्त्रींच्या फोटोकडे पाहिलं. 

"उद्या शुक्रवार ना? होडी कोण काढते?"

"म्या."

"मग बस खाली," अध्यक्ष म्हणाले, आणि स्वतः उभेच राहिले.